आमरसाला जागा करताना

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर,
गुरुवार, २१ मे २०२६

ती. निंगव्वा अक्कास,
शांताचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र मंगळवेढ्याला येणाऱ्या बिभीषणच्या टेम्पोबरोबर पाठवतेय. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि ओरडून सांगावी अशी ही गोष्ट नाही. ओरडले तर अख्खी गल्ली दारात गोळा होईल.

अक्का, माझ्या घरात सुई सापडली. बुटीक आहे म्हटल्यावर माझ्या घरात सुयांना तोटा नाही, पण ही इंजेक्शनची! माडीवरच्या खोलीतल्या केराच्या डब्यात, कागदात गुंडाळलेली. आणि माडीवर राहतंय कोण? जावईबापू. तू मध्ये पडून आणलेलं स्थळ.

मंगळवारी काव्या आणि बसवेश पुण्याहून आले. लग्नानंतरचा पहिला धोंड्याचा महिना. आपल्या लिंगायतांत याचं एवढं स्तोम नाही, असं तू म्हणशीलच. पण गल्लीत प्रत्येकीचा जावई येतो, कपडे नि तेहतीस धोंडे घेऊन जातो, मग मीच काय घोडं मारलंय? त्रेचाळीस डिग्री ऊन आहे म्हणून गबाळं राहायचं आणि पिठलंभात गिळून पंख्याखाली लोळायचं, हे मला जन्मात पटलेलं नाही. काल मी मोतिया रंगाची मलमलची साडी नेसले होते, त्यावर बिनबाह्यांचं ब्लाऊज (नाक मुरडू नकोस) आणि मोगऱ्याचा भरगच्च गजरा. ह्यांना पांढराशुभ्र खादीचा कुर्ता घालायला लावला. आणि जावयाला आहेर म्हणून पिस्ता रंगाचा लिननचा शर्ट, अर्ध्या बाह्यांचा, मी स्वतः बेतून शिवलेला. उन्हाळ्यात याच्यापेक्षा देखणं काही असतं का?

त्यानं तो घातलाच नाही! छान आहे म्हणाला, घडी घालून ठेवला आणि पूर्ण बाह्यांचा निळा शर्ट, मनगटापर्यंत बटणं लावून पानावर येऊन बसला. घामानं निथळतोय, पण बाही वर करेना. खिशातला मोबाईल सारखा टुंग टुंग वाजतोय. पान वाढल्यावर उठून माडीवर गेला, दार लावलं, पाच मिनिटांनी आला. अशी कुठं रीत असते? पुरणाचे धोंडे तुपात बुडवलेले, आणि आमरस एवढा की पातेलं फ्रीजमध्ये मावेना. सकाळी सहालाच काव्याची क्रीमबिमची पिशवी आतून काढून माडीवर, दोघं झोपेत म्हणून बाहेरूनच, त्यांच्या खिडकीत नेऊन ठेवली, तेव्हा कुठं जागा झाली. एवढ्या खटाटोपावर हा माणूस दोन धोंड्यांनंतर ताटावर हात आडवा धरतो. मी सोडते होय? गळ्याची शपथ घालून आणखी तीन वाढले. खाल्ले मुकाट्यानं.

आज तो नुसता पाणी पितोय. माठ दोनदा भरला. डोळे खोल गेलेत. आणि त्यात ही सुई. पूर्ण बाह्या कशासाठी, ते कळलं ना तुला आता? काव्याला विचारावं तर ती माझ्या नजरेला नजर देत नाही. ह्यांना अजून काही बोलले नाही. अक्का, खात्री तू दिली होतीस. पोरगा नशेतला निघाला तर माझ्या लेकीच्या जन्माचं काय? उद्या सकाळच्या फेरीनं उत्तर पाठव.

लोभ आहेच, पण या घटकेला जरा डळमळतोय.

तुझी,
शांता


मंगळवेढा,
गुरुवार, संध्याकाळ

चि. सौ. शांतम्मास,
अक्काचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून मी पायरीवरच बसले. बिभीषण विचारत होता की कुणी गेलं का म्हणून.

आधी एक ऐक. पोरगा व्यसनी नाही. सिद्धरामेश्वराची आण घेऊन सांगते, सुपारीचंसुद्धा खांड तोंडात घालत नाही. त्याला काही बोलू नकोस, त्याच्या बॅगा उचकटू नकोस आणि तुझ्या महेश्वररावांच्या कानावर तर मुळीच घालू नकोस. ते लगेच पोलिसात जातील.

उद्या गोडाचं काही करू नकोस. भाकरी कर, मेथीची भाजी कर, ताक कर. आणि काव्याला एकटीला जवळ घेऊन बस. तिनं सांगितलं तर ऐकून घे, ओरडू नकोस. तुझा स्वभाव तुला ठाऊक नाही, पण आम्हा सगळ्यांना आहे की. मी दिलेल्या एका शब्दात अडकले आहे, म्हणून याहून जास्त लिहीत नाही. पाणी पितो म्हणतेस तर पिऊ दे, ऊन लई आहे.

बिनबाह्यांच्या ब्लाऊजबद्दल मी काही बोलणार नाही. दंड तुझे, गल्ली तुझी.

आशीर्वाद आहेत, ते डळमळत नाहीत.

तुझी,
अक्का


सोलापूर, दवाखाना,
शनिवार, २३ मे

ती. अक्कास,

नमस्कार-चमत्कार मला आज सुचत नाहीत. आयसीयूच्या बाहेर बाकड्यावर बसून लिहितेय.

काल दुपारी बसवेश पानावरून उठायला गेला आणि तिथंच कोसळला. तुझं पत्र सकाळी आलं होतं. भाकरी वाढ म्हणालीस, मला वाटलं तुला माझ्या हौसेचा हेवा वाटतोय. मी हट्टानं पुऱ्या आणि उरलेला आमरस केला. त्यानं चार घास खाल्ले, त्याला उलटी झाली, मग श्वास असा जोरजोरात चालायला लागला की ह्यांनी उचलून गाडीत घातलं. गाडीत काव्या त्याला हाका मारत होती. तो डोळे उघडत नव्हता.

इथं डॉक्टरीणबाईंनी कात्रीनं शर्टाची बाही कापली. मी सुईच्या खुणा बघायला पुढं झाले होते, अक्का, एवढी मी नीच. दंडावर रुपयाएवढं पांढरं बटण चिकटवलेलं. ते साखर मोजणारं यंत्र. मोबाईल वाजायचा तो त्याचा. डॉक्टरीणबाईंनी विचारलं की ह्याला मधुमेह कधीपासून आहे. मी म्हटलं, कुणाला, ह्याला? माझ्या मागून काव्या म्हणाली, अकरा वर्षांचा असल्यापासून. दिवसातून चार वेळा इन्सुलिन घ्यावं लागतं, नाही घेतलं तर माणूस जगत नाही.

आणि एवढ्यावर संपलं असतं तरी मी सोसलं असतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की हा इन्सुलिन घेत होता, तर साखर एवढी चढली कशी? औषध कुठं ठेवलं होतं? काव्या म्हणाली, फ्रीजमध्ये, माझ्या क्रीमच्या पिशवीत लपवून. मग ती बोलता बोलता थांबली आणि माझ्याकडं बघायला लागली. बुधवारी जेवणाआधी तिला ती पिशवी माडीच्या खिडकीत सापडली होती. आताच कुणीतरी वर आणून ठेवली असेल, असं तिला वाटलं. विचारायची सोय नव्हती, कारण विचारलं की मी पिशवी उघडून बघितली असती. पत्र्याखाली, भर उन्हात सहा तास पडून ते औषध मेलं होतं. त्यानंतर तो टोचून घेत राहिला ते नुसतं पाणी. साखर चढतेय हे त्याला दिसत होतं. त्याला वाटलं, माझ्या धोंड्यांनी चढली असेल, म्हणून त्याच पिशवीतलं आणखी टोचून घेत राहिला.

मी ठेवली गं ती पिशवी. माझ्या या हातांनी.

चोवीस तास गेल्याशिवाय काही सांगता येत नाही म्हणतात. काव्या माझ्याशी बोलत नाही. आणि तू? तुला ठाऊक होतं. तुझ्या पत्राचा शब्द न् शब्द आता मला कळतोय. माझ्या पोरीचं लग्न ठरवताना एवढी मोठी गोष्ट माझ्यापासून लपवलीस. पाठच्या बहिणीशी असं वागायला धजलीस तरी कशी?

शांता


मंगळवेढा,
रविवार, २४ मे

चि. शांतम्मास,
आशीर्वाद.

तो शुद्धीवर आल्याचा निरोप काव्यानं बिभीषणच्या मोबाईलवर पाठवला. तेव्हापासून मी देवापुढून उठले नव्हते, आता उठून लिहितेय.

व्हय, मला ठाऊक होतं. पोराच्या आईनं पहिल्याच दिवशी सगळं उघड सांगितलं होतं, त्यांच्याकडून लपवाछपवी नाही. लपवलं ते काव्यानं आणि मी. तिला तो मनापासून आवडला होता, आणि तू त्याआधी एक चांगला मुलगा चष्म्याचा नंबर जास्त म्हणून, आणि दुसरा जेवताना दोनदा नको म्हणाला म्हणून नाकारला होतास. ज्याला जेवायची चव नाही त्याला संसाराची काय असणार, असं तू चारचौघांत म्हणालीस. काव्यानं माझे पाय धरले. लग्नानंतर सावकाश सांगू, असं ठरलं. ते सावकाश काही आलं नाही.

माझी चूक मी झाकत नाही. तुझ्या पत्रात पिशवीचं वाक्य होतं. मी ते वाचलं आणि पुढं गेले. पाण्याचंही वाचलं. मला तर कळायला हवं होतं, कारण मला स्वतःला नऊ वर्षं साखर आहे.

हे तुला आज पहिल्यांदा सांगतेय. गेल्या पावसाळ्यात माझ्या पायाचं बोट काढलं, तेव्हा पाटा पायावर पडला असं तुला सांगितलं होतं. पाटा जागचा हललाही नव्हता. बोट साखरेनं गेलं. तुझ्याकडं दिवाळीला आले की तू शपथा घालून वाढायचीस, मी खायचे आणि घरी येऊन आठ-आठ दिवस पडून राहायचे. थोरली मी, पण तुझ्या ताटाला नको म्हणायची माझी छाती झाली नाही. तुझा चेहरा एवढासा होतो, मग तू रागावतेस, मग दोन महिने पत्र पाठवत नाहीस. त्यापेक्षा खाल्लेलं बरं, असं वाटायचं. तो पोरगा तर नवा जावई. त्याची काय बिशाद होती?

मी यायला हवं होतं. पण तुझ्यासमोर उभं राहायचा धीर होत नाही.

रागाव, पण उत्तर दे.

तुझी,
अक्का


॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर,
बुधवार, २७ मे

ती. अक्कास,
शांताचा शि. सा. न. वि. वि.

बसवेशला काल घरी आणलं. फ्रीजमधलं सगळं बाहेर काढलं, पुसून घेतलं आणि वरचा अख्खा कप्पा त्याच्या औषधाला दिला. ह्यांनी त्यावर त्याच्या नावाची चिठ्ठी लावली.

तुझ्या पायाच्या बोटाचं वाचलं तेव्हा मी दुकानात होते. गिऱ्हाईक समोर उभं असताना मी मोठ्यानं रडले. ती बाई घाबरून निघून गेली. मला अजून खरं वाटत नाही. माझ्याच माणसांनी, माझ्याच घरात, माझ्या हातचं भीतीनं खावं? मी तर मायेनं वाढत होते गं. निदान मला तसं वाटत होतं.

काव्या सोमवारी एकदाची बोलली. आवाज चढवून नाही, अगदी हळू. तिनं विचारलं की आई, तुला आधी सांगितलं असतं तर तू हे लग्न होऊ दिलं असतंस का? मला खोटं बोलता आलं असतं. पण दवाखान्याच्या त्या बाकड्यावर खोटं बोलवेना. मी नाही म्हणाले. ती नुसती मान हलवून आत गेली. तिनं मला माफ केलंय का, ते मला कळत नाही, आणि विचारायचीही भीती वाटते. भीती मला वाटते, अक्का, मला!

आणि बसवेशनं काय करावं? शुद्धीवर आल्यावर त्यानं माझी माफी मागितली. म्हणाला, मम्मी, एवढ्या हौसेनं केलेलं जेवण वाया गेलं, तुम्हाला चारचौघांत खाली बघायला लागलं. माझ्यामुळं त्याचा जीव जाता जाता वाचला होता आणि तो माझ्या जेवणाची काळजी करत होता. मला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. मी त्याचा हात धरून बसून राहिले.

काल संध्याकाळी मी त्याच्याजवळ गेले आणि विचारलं, तुला काय खावंसं वाटतंय? तो परीक्षा द्यायला बसल्यासारखा माझा चेहरा वाचत होता. मग म्हणाला, एक चपाती आणि काकडीची कोशिंबीर. मी तेवढंच केलं. चपाती संपल्यावर माझा हात सवयीनं डब्याकडं गेला, तो मी मागं घेतला. फार जड गेलं, खोटं कशाला सांगू. त्यानं ते बघितलं, आणि या घरात आल्यापासून पहिल्यांदा मोकळा हसला. तो स्वयंपाक सगळा मिळून दहा मिनिटांचा होता.

तो झोपल्यावर मला तुझी आठवण आली. इतकी वर्षं दर दिवाळीला, दर पंचमीला तू माझ्याकडं जेवलीस. मी वाढत गेले, तू खात गेलीस. माझ्या बहिणीला मनापासून आवडतं काय, हे आठवत बसले. श्रीखंड म्हणावं, तर ते मला आवडतं. शेंगाची पोळी ह्यांना. गव्हाची गोड हुग्गी आपल्या अप्पांना आवडायची. तुझं म्हणून एक नाव मला आठवलं नाही, अक्का. लहानपणी एका ताटात जेवलो आपण, आणि मला ठाऊक नाही. ते लिहून पाठव. बिभीषण दारात थांबलाय, त्याला सांगितलंय की उत्तर घेतल्याशिवाय परत यायचं नाही.

लोभ असू दे म्हणायचा हक्क उरलाय की नाही ठाऊक नाही, तरी म्हणते.

तुझी,
शांता