बंद खोलीतली टकटक

प्रिय सेरवा,

पाकीट उघडून माझं अक्षर बघितलंस की आधी हसशील. दिवसभर लोकांचे कॉम्प्युटर उघडून बसणारा माणूस मामेबहिणीला हातानं पत्र लिहितोय, आणि तेही वहीचं पान फाडून! हस खुशाल. फोन का केला नाही ते शेवटी सांगतो. आधी शेवट वाचून मग सुरुवातीला यायची तुझी जुनी खोड आहे, पण एवढ्या वेळी ओळीनं वाच.

आफ्रिये मामी ठीक आहे. तुला फोनवर सांगते तेवढी ठीक नाही, पण जेवते. रविवारी मी कुमासीहून कोनोंगोला गेलो तेव्हा फुफूसाठी उकडलेला कसावा कुटत होती. सवयीनं दोघांचं कुटलं आणि मग मलाच बसवून खायला घातलं. हरमाटान वाऱ्याची धूळ यंदा लवकर सुटलीय. दर तासाला झाडलं तरी ओटा पांढराच. झाडताना ती मामांच्या खोलीच्या दारापाशी थांबते, कडीला हात न लावता खालची धूळ काढते आणि पुढे जाते. माझ्याशी बोलते सगळं. एकच गोष्ट सोडून. ती कुठली, ते पुढे येईल.

मामांचा तो कॉम्प्युटर तुला आठवतो? तेमा बंदरात जुन्या मालाच्या ढिगातून त्यांनी उचलून आणलेला. ट्रोट्रोच्या गर्दीच्या गाडीत मांडीवर डबा घेऊन बसले होते आणि वाटेत ज्यानं त्यानं विचारलं, "म्हातारबा, टीव्ही का?" त्या कॉम्प्युटरवर त्यांनी गावाचे अर्ज लिहिले, मयतांचे फलक छापले, आणि मी त्याचेच स्क्रू काढघाल करत धंदा शिकलो. पहिल्यांदा उघडला तेव्हा दोन स्क्रू उरले होते. मामा म्हणाले, "ठेव जपून, तुझ्या डोक्यातले असतील." शेवटी शेवटी त्यांना गुडघ्यामुळे वाकून बटण दाबता येईना. म्हणून मीच त्यात सोय करून दिली, की वीज आली की कॉम्प्युटर आपोआप सुरू व्हावा. केवढे खूश झाले होते! मी आल्याचं यंत्रालाही कळतं, म्हणायचे.

ते गेले त्या सकाळी कॉम्प्युटर चालूच होता. तू मातीला येऊन तकोराडीला परत गेलीस. नाना अजेमाननी घराण्याचे थोरले म्हणून रीतीप्रमाणे खोलीला स्वतःचं कुलूप घातलं. चाळिसावा होईपर्यंत आतल्या कशालाही हात लावायचा नाही. दिवासुद्धा मालवायचा नाही. त्यांनी मालवला नाही, आणि कॉम्प्युटरही तसाच राहिला.

तिसऱ्या दिवशी मी ओट्यावर बसलो होतो. आतून आवाज आला. टक्. जरा थांबून पुन्हा टक्. मामी म्हणाली, "पाल असेल." शेजारची म्हातारी म्हणाली, "पाल कसली, तुझा नवरा बदू चुकचुकतोय. काहीतरी राहिलंय त्याचं." मला मात्र तो आवाज चांगला माहीत होता. आठवड्यातून एकदा तरी तो माझ्या टेबलावर येतो. हार्ड डिस्कमध्ये वाचणारी एक बारीक सुई असते. ती जागा चुकली की परत फिरते, पुन्हा शोधते, पुन्हा चुकते. असा आवाज आला की पहिलं काम एकच, वीज तोडायची. गिऱ्हाइकाला मी ओरडून सांगतो, बाबा, पुन्हा चालू करून बघू नकोस, दर खेपेला आतलं खरवडलं जातं.

आणि कोनोंगोत वीज दिवसातून चारदा जाते, चारदा येते. दर वेळी तो कॉम्प्युटर आपोआप सुरू होत होता. माझ्याच सोयीनं.

त्या डिस्कवर काय होतं ते तुला ठाऊक आहे. पुढच्या शनिवारी घराणं बसणार, आणि मामीला त्या घरात राहू द्यायचं की नाही ते ठरणार. घर घराण्याच्या जमिनीवरचं, म्हणजे रीतीनं मयताच्या बहिणीच्या मुलाचं. पण मामांनी जिवंतपणी ते मामीला आणि तुला देऊन टाकलं, साक्षीदारांसमोर. मामीनं आभाराची बाटली दिली, ती प्यायली गेली म्हणजे देणं पक्कं झालं, आणि ते सगळं कॉम्प्युटरच्या कॅमेऱ्यात घेतलं होतं. साक्षीदार दोन. मास्तर बोआटेंग मागच्या साली गेले. दुसरे नाना. त्यांना मी विचारलं, तर दात कोरत म्हणाले, "बाटली प्यायलो हे खरं. या घरात मी पुष्कळ बाटल्या प्यायलोय. कुठली कशाची, म्हाताऱ्या माणसानं काय लक्षात ठेवावं? यंत्रात आहे म्हणता ना, मग यंत्रालाच विचारा."

चाळिसाव्याला दार उघडलं. खोलीत धूळ, बंद खिडकीचा वास, आणि ती टकटक. नानांनी आधी उंबऱ्यावर दारू ओतून मामांना हाक मारली, मग मला म्हणाले, "उचल." मी डिस्क काढली, फडक्यात गुंडाळली, कुमासीला आणली. वायर बदलून बघितली, वीज देणारा डबा बदलला, कारण कधी कधी दोष तिथंच असतो आणि डिस्क बिचारी फुकट बदनाम होते. इथं तसं नव्हतं. चांगला भाग आधी उतरवून घ्यायचा आणि खराब भागाच्या नादी लागायचं नाही, असा माझा प्रोग्राम आहे. तो लावला. सेरवा, ती दिसली. मामांच्या सगळ्या फायली दिसल्या, आणि त्यात ‘घर’ नावाची ती एक. थोडीशी उतरली. मामा चष्मा पुसतायत एवढं चित्र आलं, आवाज नाही. मग आत पत्र्यावर खिळा ओढावा तसं काहीतरी ओरखडलं आणि डिस्क थांबली. पुन्हा फिरली नाही. आता ती कुणालाही वाचता येणार नाही. खोटी आशा लावत नाही तुला.

आता जे सांगायला बसलो ते. त्या खोलीच्या विजेचं बटण आत नाही, बाहेर आहे. ओट्यावर, मीटरशेजारी, मी बसतो त्या बाकाच्या अगदी वर. कुलूप न मोडता, आतल्या कशाला न शिवता, हात वर करून ते खाली करायचं होतं; दिवा विझला असता, पण तो वीज गेली की तसाही विझतच होता. तिसऱ्या दिवशी केलं असतं तर डिस्क नक्की वाचली असती. मी केलं नाही. नाना चिडतील म्हणून, असं मी पहिले आठ दिवस स्वतःला सांगितलं. मग तेही सांगायचं सोडलं. दर रविवारी जायचो, त्याच बाकावर बसायचो आणि ऐकायचो. घराण्यात बहिणीचा मुलगा मी एकटाच आहे, सेरवा. त्या प्रत्येक टक्‌बरोबर ते घर माझ्याकडं सरकत होतं, आणि ते समजणारा तिथं मी एकटाच होतो. मला लाज वाटते. पण तेव्हा वाटत नव्हती.

मामी त्या एकाच गोष्टीबद्दल बोलत नाही. मामांनी घर दिलं तेव्हा कॅमेरा कोणी लावला, हे तिनं तुला सांगितलेलं दिसत नाही. मी लावला. सगळा वेळ मी कॅमेऱ्यामागं उभा होतो, म्हणून चित्रात नव्हतो. मामा काय म्हणाले ते मला शब्दन् शब्द आठवतं: "हे घर मी आफ्रियेला आणि सेरवाला दिलं. मी गेल्यावर कोणी त्यांना ऊठ म्हणू नये." नाना म्हणाले, "ऐकलं." मग प्याला फिरला आणि मामांनी तो मलाही दिला. मीही प्यायलो. म्हणजे तिसरा साक्षीदार मी आहे. मामी मला साक्षीला बोलावत नाही, नुसती बघते. मी आपणहून बोलेन का, याची वाट बघतेय.

काल नाना माझ्या दुकानात आले. "मेलं ना यंत्र? बरं झालं, भांडण मिटलं," म्हणाले, आणि घराची किल्ली टेबलावर ठेवून गेले. शनिवारी मी खरं बोलायचं ठरवलंय. पण चाळीस दिवस एक बटण ज्याला खाली करता आलं नाही, त्याच्या ठरवण्याचा काय भरवसा? फोनवरचा निरोप मला मागे घेता आला असता. हा कागद उद्या सकाळच्या गाडीनं तकोराडीला निघाला की माझ्या हातात राहणार नाही. शनिवारी माझ्यासमोर बस. माझी पाळी आली आणि मी खाली बघायला लागलो, तर ऊठ आणि हे सगळ्यांसमोर मोठ्यानं वाच. नानांचे अर्ज मीच लिहितो, माझं अक्षर ते नाकारू शकणार नाहीत. माझी दया करू नकोस. किल्ली आत्ता या कागदाशेजारीच आहे, आणि खरं सांगतो, मघापासून दोनदा ती मी हातात घेऊन बघितली.

तुझाच, शनिवारपर्यंत तरी,
एन्सिया