टाकीत पेट्रोल शिल्लक

३ नोव्हेंबर
विमानाचं पेट्रोल पुन्हा लांबलं. ड्रम येतील तेव्हा येतील. फ्लाइंग स्कूलचे चीफ मीटिंगमध्ये म्हणाले, तोवर ज्यांचं ट्रेनिंग संपत आलंय तेवढेच उडतील, बाकीच्यांनी थिअरी वाचा. पोरांची तोंडं बघण्यासारखी झाली.

रूपा साळवेची एकच लांबची फ्लाइट राहिलीय. वाळूजच्या कंपनी कामगाराची पोर, सरकारी स्कॉलरशिपवर शिकते. डिसेंबरअखेर काम झालं नाही तर स्कॉलरशिप बंद, पायलट होणं बंद. बाहेर थांबवून विचारलं तिनं, सर, होईल ना माझं? मी म्हणालो, मी आहे ना.

ठरलं. आजपासून माझं प्रत्येक उड्डाण कमीत कमी पेट्रोलमध्ये. इथं सगळे इन्स्ट्रक्टर विमान चालवतात, डोकं कुणी चालवत नाही.

५ नोव्हेंबर
स्कूटरवर सराव. फुलंब्रीहून येताना चौक्याच्या घाटात उतार लागताच इंजिन बंद. सरिता मागं बसली होती. म्हणाली, अहो, ब्रेक लागंना तर काय करता? बायकोला शास्त्र समजावणं अवघड. घाट उतरल्यावर ती काळीपिवळीत बसून घरी गेली. वजन कमी झाल्यामुळं उरलेल्या रस्त्यात आणखी बचत.

१० नोव्हेंबर
रूपासोबत उड्डाण. लाल नॉब जितका बाहेर ओढावा तितकं इंजिनात पेट्रोल कमी. पुस्तकात लिहिलंय, इंजिन थरथरलं की नॉब थोडा आत ढकला. मी नाय ढकलला. रूपा म्हणाली, सर, लई थरथरतंय. मी म्हणालो, एकादशीला तुझे हात नाही थरथरत? ती म्हणाली, आमच्यात एकादशी नसते सर.

खाली आल्यावर चीफ इंजिनाकडं बराच वेळ बघत उभे राहिले. कौतुक तोंडावर करायचा त्यांचा स्वभाव नाही.

१७ नोव्हेंबर
आज सावकाश उडालो. सावकाश गेलं की पेट्रोल कमी लागतं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. समोरून वारा होता. खाली रस्त्यावर एक कंपनीची बस आम्हाला मागं टाकून गेली. रूपा म्हणाली, सर, समोरून वारा असला तर थोडा वेग वाढवायचा असतो, नायतर सगळा वेळ हवेतच जातो. मी म्हणालो, ते पुस्तक परदेशातल्या वाऱ्यासाठी लिहिलंय. पेट्रोल नेहमीपेक्षा जास्त लागलं. वाऱ्याचं धरायचं नाही.

विद्यार्थ्यांत सर्दीची साथ आहे. माझ्यासोबत ज्याचं उड्डाण लागतं त्याचंच नाक चोंदतं. दुपारी तेच दुसऱ्या सरांबरोबर वर दिसतात. औषध चांगलं असावं.

२४ नोव्हेंबर
चीफनी केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं. म्हणाले, विद्यार्थी शेजारी असताना लाल नॉबशी खेळ नको, हे शेवटचं सांगतोय. मी हो म्हणालो. हो म्हणणं हा सभ्यपणा झाला, त्याचा अर्थ मान्य आहे असा होत नाही.

गुरुवारी रूपाची लांबची फ्लाइट. शेजारी मीच बसणार. चीफना माझ्याशिवाय पर्याय नाही. बाकीचे रजेवर आहेत.

२६ नोव्हेंबर
प्लॅन पक्का. फर्दापूरवरून जळगावकडं जायचं आणि परत. परतताना चौक्याच्या वर उंची भरपूर असंल. तिथून खाली यायला इंजिन हवंच कशाला? लाल नॉब पूर्ण बाहेर ओढायचा, इंजिन बंद. पुढचा पंखा वाऱ्यानं फिरत राहतो. धावपट्टी जवळ आली की नॉब आत, इंजिन चालू. घाटातली स्कूटरच ही.

सरिताला जेवताना सांगितलं. तिचा हात ताटातच थांबला. विचारलं, त्या पोरीला माहितीय का? म्हणालो, आधी सांगितलं तर ती शिकणार काय? नंतर ती जेवली नाही. डाळ खारट झाली होती, माझ्याही लक्षात आलं होतं.

२७ नोव्हेंबर, पहाटे
हवा स्वच्छ. दाढी केली. फोटो निघू शकतो.

१ डिसेंबर, हॉस्पिटल
डाव्या हातानं लिहितोय. उजवा प्लास्टरमध्ये.

नॉब ओढेपर्यंत सगळं प्लॅनप्रमाणं झालं. मग शांतता. रूपा म्हणाली, सर, इंजिन गेलं. मी म्हणालो, गेलं नाही, मी बंद केलंय, ऐक किती छान वाटतं. आणखी लांब तरंगावं म्हणून मी वेग कमी केला, तर पंखा फिरायचाच थांबला. नॉब आत ढकलला, चावी फिरवली. इंजिन एकदा खोकलं. परत चावी. विमान रूपाच्या हाती होतं, मी चावीच फिरवत बसलो होतो. सावंगीजवळच्या एका मोकळ्या रानात तिनं उतरवलं. चाकं ढेकळांत रुतली आणि विमान उलटलं.

मला भीती वाटली होती. हे एकदाच लिहितो, परत लिहायचं नाही.

माझा हात मोडला. तिचा पाय दोन ठिकाणी मोडलाय, डोक्याला मार आहे. टाकीत पेट्रोल भरपूर शिल्लक होतं. याबद्दल कुणी बोलत नाही.

३ डिसेंबर
रूपा शुद्धीवर आली. फर्दापूरनंतरचं तिला काही आठवत नाही. डॉक्टर म्हणाले, अशा मारात होतं तसं, कदाचित पुढंही आठवणार नाही. बरं वाटलं. म्हणजे ती शुद्धीवर आली म्हणून.

५ डिसेंबर
चौकशीला दोघं जण दिल्लीहून आले. विचारलं, इंजिनात तर बिघाड नाही, मग लाल नॉब कुणी ओढला? मी म्हणालो, ट्रेनिंगमध्ये कधीकधी विद्यार्थ्याचा हात चुकून लागतो. मी कुणाचं नाव घेतलं नाही. विमानात दोघंच होतो, काय ते त्यांनी ठरवावं. मग विमान कुणी उतरवलं? मी म्हणालो, मी. एवढ्या वर्षांचा अनुभव कामी आला.

नीट विचार केलाय. ती लहान आहे, तिला दुसरं काहीतरी मिळंल. माझं नाव खराब झालं तर एवढं ज्ञान कुणाच्या कामाचं?

८ डिसेंबर
रूपाला बघून आलो. तिनंच विचारलं, सर, माझा हात लागला म्हणतायत, खरंय का? मी सलाइनच्या बाटलीकडं बघत म्हणालो, होतं असं, मनाला लावून घेऊ नको. ती म्हणाली, मग लागला असंल सर, तुम्ही कशाला खोटं बोलाल, मी त्यांना तसंच सांगते.

शिस्तीची मुलगी. मीच घडवली.

११ डिसेंबर
चीफ येऊन गेले. रूपाचं ट्रेनिंग थांबवलंय. स्कॉलरशिपवाल्यांनाही कळवलंय. मला म्हणाले, तुम्हाला आणखी काही सांगायचंय? मी म्हणालो, पोरीला फार बोलू नका. ते निघून गेले. मी मागवलेला चहाही घेतला नाही.

१४ डिसेंबर, दुपारी
रूपाचे वडील कचरूभाऊ आले. फर्स्ट शिफ्ट करून थेट, कंपनीच्या युनिफॉर्मवरच. सरिता मला मोसंबी सोलून देत होती. ते जय भीम सर म्हणाले आणि उभेच राहिले. बसा म्हटलं तरी बसंनात. म्हणाले, पोरीच्या हातून चूक झाली सर. तुमचा हात मोडला, शाळेचं विमान गेलं. तुम्ही व्हते म्हणून आमची पोर जिती हाय. पाय बरा झाला की तिला कंपनीत पॅकिंगला लावायचं बघतो. तिला माफ करा. वयानं माझ्याहून मोठा माणूस, माझ्या पायाशी वाकला.

मी म्हणालो, होतं असं कधीकधी.

ते गेले. सरितानं मोसंबी अर्धवट सोललेली तशीच ठेवली. ॲक्सिडेंट झाल्यापासून ती माझ्याशी धड बोललेली नाही. चप्पल न घालता त्यांच्यामागं पळत गेली.

खिडकीतून हॉस्पिटलचं पार्किंग दिसतं. दोघं मोटरसायकलजवळ उभे आहेत. सरिता हात हलवून हलवून काहीतरी सांगतीय. कचरूभाऊंनी डोक्यावरचं हेल्मेट काढलंय. आता ते वर माझ्या खिडकीकडं बघतायत.

चहाला थांबवत असंल त्यांना. ऊन लई येतंय, पडदा लावून घेतो.