चार गोळ्या, दोन खाटा

म्बरारा, रविवार

बंधुवर ब्यारुहांगा यास, मेरुदंडाला धक्का न लावता जेवढं वाकता येतं तेवढं वाकून नमस्कार.

तुझ्या गायी सुखरूप असतील, आणि त्यांच्यामागोमाग वहिनी व मुलंही (क्रम तुमच्याकडचाच, पंचवीस वर्षांत एवढं तरी शिकलो).

मी रुग्णालयात खाट क्रमांक अकरावर आहे. अठरा वर्षं आपल्या प्रयोगशाळेत लोकांचं रक्त आणि पाठीच्या कण्यातलं पाणी यंत्रात घालून औषध कुठवर पोचलं ते मी मोजलं. मेंदूच्या आवरणाला क्षय झाल्यावर माझंच पाणी तू मोजलंस. शुक्रवारी डॉ. नातुकुंडा येऊन म्हणाल्या, "मास्तर, रक्तात औषध निम्मं, पाण्यात जवळजवळ नाहीच. मंगळवारी पुन्हा कण्यात सुई. तेव्हाही एवढंच निघालं तर डोस दुप्पट करू. यकृताचं मग बघू." (देवांनीसुद्धा मंथनाला मंदर घेतला, मेरूला हात लावला नाही. बाईंना तेवढा विवेक नाही.) त्या सुईची लांबी मला इंचात ठाऊक आहे, हेच अज्ञानी रोग्यांच्या नशिबी नसलेलं दुःख.

आधी मी यंत्राला दोष दिला, मग तुला (क्षमस्व), आणि शेवटी घरमालकीण क्योमुहेंदोला विचारलं. तीच माझ्याजवळ राहते. सोबतीला माणूस नसेल तर या वॉर्डात पाणीही कोणी देत नाही. बाजरीची पेज ढवळत ती म्हणाली, "पहिले चार दिवस तुम्हाला शुद्ध कुठे होती, मास्तर? शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्या म्झे कागवांनाही याच गोळ्या, पण त्यांच्या वेळी इथल्या औषधभांडारात संपलेल्या. एकाच्या ताटात चार आणि दुसऱ्याचं रिकामं, असं कसं वाढायचं? दोन-दोन केल्या. अजूनही तसंच देते."

"बाई, ते औषध आहे, उकडलेली केळी नव्हेत."

"मग? मेलं का कोणी?"

मी पेज प्यायलो. असो. भीती सोडली तर प्रकृती बरी आहे.

तुझा,
दिगंबर

ता. क. डॉक्टरीणबाईंच्या कानावर हे घातलं, असं लिहिणार होतो. पण ते खरं नाही. सांगितलं तर समोर उभ्या राहून त्या चारही गोळ्या मला गिळायला लावतील, आणि म्झेंना काहीच उरणार नाही. कालपासून वाटणी मीच करतो.

ता. ता. क. म्हणून मुख्य भांडारातून म्झेंच्या नावच्या गोळ्या उद्या दुपारच्या आत पाठव. हे औदार्य समजू नकोस. सुई टोचताना गुडघे छातीशी आवळून माणसाला घट्ट धरावं लागतं, आणि नर्स एकटी. मागच्या वेळी म्झे आपल्या खाटेवरून उठून आले आणि त्यांनी मला धरलं. मी तसूभर हललो नाही. काल त्यांच्या हातून चहाचा कप निसटला. मंगळवारी मला धरायला ते हात हवेत.