कर्त्या व्यक्तीचे नाव

४ जानेवारी

नव्या घरातली पहिली नोंद तक्रारीची आहे, त्याला इलाज नाही. मुलुंड पूर्वेच्या या घरात मोबाइलचं नेटवर्क फक्त स्वयंपाकघरात येतं. तिथेही सगळीकडे नाही. ओट्याच्या डाव्या कोपऱ्यात, तांदळाच्या डब्यावर फोन ठेवला तरच. बाईने घरात कुठे उभं राहायचं हे आजवर सासवा आणि भावजया ठरवत आल्या, आता ते काम टॉवरने अंगावर घेतलं आहे. मानवी हक्कवाल्यांना सविस्तर पत्र लिहिणार होते, पण ते पाठवायलाही ओट्यापाशीच जावं लागेल.

एरवी आनंदीआनंद आहे. एक खोली, एक स्वयंपाकघर, खिडकीत कढीपत्त्याच्या कुंडीपुरती जागा, आणि सगळं माझं. भाड्याचं असलं म्हणून काय झालं. बावन्न वर्षांची झाले, पण दिवा कधी मालवायचा हे आजवर स्वतः ठरवलं नव्हतं. भांडुपला भावाकडे हॉलमध्ये झोपायचे. सगळ्यांच्या मालिका आटोपल्या की माझी गादी पडायची. आज भरदुपारी खोलीच्या मधोमध सतरंजी टाकून आडवी झाले. मला ओलांडून कोणीही गेलं नाही.

संध्याकाळी शेजारच्या जयंतीवहिनी घावणे घेऊन आल्या. मालवणकडच्या, साठीच्या पुढच्या. गाऊनवरच आल्या. मजल्यावरच्या बायकांपुढे तेवढं चालतं, पुरुषमाणूस दिसला की ओढणी घ्यायची, असा इथला कायदा दिसतो. 'एकटीच रवतस काय गो?' असं विचारून त्यांनी माझ्या खांद्यावरून आत नजर टाकली, जणू मी कोणाला कपाटामागे दडवून ठेवलंय. हो, एकटीच, असं मी इतक्या आनंदाने सांगितलं की त्यांना माझी कीव आली. त्यांचा स्टीलचा डबा माझ्याकडे राहिला. रिकामा कसा परत द्यायचा, काहीतरी करून घालायला हवं.

९ जानेवारी

प्रकाशनातली नोकरी गेली तेव्हा मालकांनी मला प्रेमाने समजावलं होतं की आता मुद्रितं संगणकच तपासतो. आयुष्यभर मी लोकांच्या वेलांट्या सरळ केल्या. संगणक त्या नुसत्या मोजतो. घरी येणारं किरकोळ काम संपलं की दिवस उरतो. म्हणून भावाच्या मुलीने, ऋतिकाने, माझ्या फोनवर एक अ‍ॅप घालून दिलं. कंपन्या प्रश्न विचारतात, आपण उत्तरं द्यायची, गुण साठतात, गुणांवर बक्षीस. मराठीतही आहे. म्हणजे त्यांच्या मते ते मराठी आहे. आज मला 'आपण कोणता साबण आहात?' असं विचारण्यात आलं. मी 'चंदन' निवडलं.

पण गंमत फार वेळ टिकत नाही. प्रश्न रंगात आले की नम्र पाटी येते: 'क्षमस्व, आपण या सर्वेक्षणासाठी पात्र नाही.' कुठे अडतंय ते शोधून काढलं. 'घरातील सदस्य किती?' याला 'एक' म्हटलं की दार बंद. म्हणजे एकट्या बाईला तेल लागत नाही, साबण लागत नाही, तिच्या डोक्यावर पंखाही फिरत नाही. समाजाने हे मला तोंडावर कधी सांगितलं नव्हतं. बाजाराने सांगितलं, तेही क्षमस्व म्हणून.

ऋतिकाला फोन केला तर ती हसत सुटली. आत्या, तू पण ना, एकटी म्हणून कशाला सांगत बसतेस, टाक ना एक नवरा, कोण बघायला येतंय यार.

१२ जानेवारी

आज माझं लग्न झालं. ओट्याच्या डाव्या कोपऱ्यात, उभ्याने, दूध उतू जाता जाता.

'कर्त्या व्यक्तीचे नाव' अशी चौकट होती. वाक्यातला कर्ता शोधून देण्यात माझं आयुष्य गेलं, पण घराचा कर्ता म्हटल्यावर क्रियापद चालवणारा नव्हे, हुकूम चालवणारा लागतो. शिवदास असं लिहिलं. आमच्या गोतावळ्यात या नावाचं कोणी नाही, त्यामुळे कोणाची अब्रू जात नाही. वय अठ्ठावन्न. नोकरी बरी. मग एकेक प्रश्न येत गेला आणि एकेक सवय मी त्याला लावत गेले. चहा बिनसाखरेचा. दाढी रोज, घोटून. थंडीत खोकला. पंखा बारा महिने पाचवर. खुर्ची खिडकीशी. कोथिंबीर चालत नाही. धुण्याची पावडर कोणती आणायची हे तोच ठरवतो. धुते अर्थात मी. एवढा सगळा नवरा तयार व्हायला आमच्या ओळखीतल्या बायकांची उमेद खर्ची पडली. माझा चहाला उकळी येईपर्यंत झाला.

एकदाही पात्र नाही म्हणाले नाहीत. चहा, विमा, गुडघ्याचं मलम, सहकुटुंब सहली. घरात पुरुष आल्याबरोबर सगळ्या दुनियेला माझं मत हवंसं झालं.

१९ जानेवारी

पहिलं बक्षीस आलं, कुकर. खोक्यावर लिहिलंय, 'दोघांसाठी आदर्श'.

दुसरं खोकं बक्षिसाचं नाही, कामाचं. दाढीचं नवं रेझर. कर्त्या व्यक्तीने आठवडाभर वापरावं आणि आपण त्यांचा अनुभव कळवावा. ते तसंच पाकिटात ओट्याच्या खणात टाकलं आणि अनुभव आत्ताच लिहून मोकळी झाले. पकड चांगली. गालावर मऊ. हनुवटीखाली मात्र नीट चालत नाही, कापतं. सगळंच छान म्हटलं की त्यांना संशय येतो, असं ऋतिका सांगते. खोटं बोलताना थोडी तक्रार घालावी म्हणजे ते संसारासारखं वाटतं.

वहिनींचा डबा अजून इथेच. नारळाच्या वड्या करायच्या मनात आहे.

२४ जानेवारी

आज एक चूक सापडली आणि जुन्या सवयीने बरं वाटलं. प्रश्न असा होता: 'आपल्या घरात आपण किती जण राहतो?'

राहता हवं. 'आपण राहता' म्हणजे तुम्ही राहता. 'आपण राहतो' म्हटलं की विचारणाराही त्या घरात आला. शेवटच्या एका अक्षराने माणूस दाराबाहेरचा आत येतो. खाली सूचनांची चौकट होती, तिथे दुरुस्ती लिहून पाठवली. पुढचा प्रश्न: 'आपण सकाळचा चहा कुठे बसून पितो?' त्याच्या पुढचा: 'आपण रात्री दाराला आतून कडी लावतो का?' माझा पेन्सिलीचा हात शिवशिवला.

थोड्या वेळाने उत्तर आलं. 'सूचनेबद्दल आभार. वाक्ये तपासली. बरोबर आहेत.'

माझं मुद्रित तपासून परत पाठवणारं पहिल्यांदाच कोणी भेटलं. भाषांतर यंत्रच करत असणार. यंत्राला काय, राहता आणि राहतो सारखंच.

२७ जानेवारी

सकाळी कचरा बाहेर ठेवताना वहिनी म्हणाल्या, 'घोव इलो वाटता तुझो.' घोव म्हणजे नवरा एवढी मालवणी मलाही येते. माझा चेहरा बघून त्यांनी खुलासा केला. भिंतीपलीकडून खोकला येतो, पहाटे पहाटे, बरं नव्हे, काढा दे त्याला. आणि सांगायचं तरी होतंस, मी उगाच तुला एकटी एकटी म्हणत होते. मी म्हटलं टीव्हीचा आवाज असेल.

माझ्याकडे टीव्ही नाही.

आत येऊन तोंड धुवायला गेले. रेझर बेसिनवर होतं. खणात पाकीट फाडलेलं. पात्यात पांढरे खुंट अडकले होते आणि बेसिनच्या काठावर रक्ताचा बारीक ठिपका.

हनुवटीखाली कापतं, असं मीच लिहिलं होतं.

३० जानेवारी

घर माझं आहे. बावन्न वर्षं थांबून मिळालंय. कोणासाठी सोडणार नाही, नसलेल्यासाठी तर नाहीच.

आज त्याला काढून टाकायला बसले. अ‍ॅपमध्ये 'सदस्य वगळा' असं बटण आहे. दाबलं. 'सदस्य वगळण्यासाठी कर्त्या व्यक्तीची संमती आवश्यक आहे.' अ‍ॅपच फोनमधून उडवलं. चहा ठेवून परत बघते तर जागच्या जागी.

ऋतिकाला फोन लावला. म्हटलं हे बंद कसं करायचं ते सांग, मस्करी पुरे झाली. ती म्हणाली, आत्या, मला काय माहीत, काकांना दे ना फोन, त्यांना येतं सगळं.

कोण काका, विचारलं. तिला वाटलं भांडण झालंय आमचं. असं कर, म्हणाली, दोन दिवस बोलू नकोस त्यांच्याशी, येतात बरोबर वळणावर.

आमचं, असं लिहिलंय मी वर. भांडण तिला वाटलं, पण आमचं हा शब्द माझा आहे.

२ फेब्रुवारी

पंखा पाचवर होता. थंडी आहे. एकवर आणला, वळले, पुन्हा पाचवर. मग तसाच राहू दिला, ह्यांना उकडतं म्हणून

ह्यांना खोडलं. शिवदास. त्याला. तो. एकवचन. माझ्या आईने वडिलांचं नाव जन्मात घेतलं नाही, हे, अहो, ते, एवढ्यावर संसार केला. मी नाव घेईन. शिवदास शिवदास शिवदास.

हाकेला ओ दिल्यासारखी खुर्ची सरकली.

खुर्ची माझ्याकडे नव्हतीच. खिडकीशी आहे. कढीपत्त्याची कुंडी खाली उतरवलेली.

आणखी एक. ओट्यापाशी नेटवर्क आता येत नाही. खुर्चीपाशी येतं.

४ फेब्रुवारी

भांडुपला गेले. भावाला म्हटलं, चार दिवस राहते. तो म्हणाला, ये की, पण नवरा तिथे आणि तू इथे, बरं दिसत नाही. मस्करी करत असेल म्हणून त्याच्या तोंडाकडे बघितलं. तो वर्तमानपत्र वाचत होता. भावजयीने चहा दिला, बिनसाखरेचा. म्हणाली, तुमच्याकडे असाच लागतो ना.

मला साखर लागते. दोन चमचे. हे इथे लिहून ठेवते. मला साखर लागते.

परत आले. जाणार कुठे— घर माझं आहे.

दार उघडंच होतं. आत फोन वाजत होता. फोन मी घेऊन गेले होते, असं मला—

५ फेब्रुवारी

फोनवर निरोप. 'श्री. शिवदास, आपली उत्तरे मिळाली. घरातील सदस्य : एक. धन्यवाद.'

मी माझ्या नावाने उघडून बघितलं. क्षमस्व. पुन्हा उघडलं. क्षमस्व. आपण पात्र—

कपाटात माझे कपडे कमी आहेत. की मीच कमी आणले होते. आरशाच्या जागी आरसा आहे पण दाढी करायच्या उंचीवर लावलाय. मला फक्त कपाळ दिसतं.

कोथिंबिरीची जुडी आणली होती. कचऱ्यात.

वड्या करायच्या होत्या वहिनींसाठी—

६ फेब्रुवारी

डबा द्यायचा राहिला होता. बाकी काही हातात नाही, एवढं तरी फेडावं. रिकामा द्यायचा नाही म्हणून साखर भरली, काठोकाठ. इथे आता कोणाला लागत नाही.

बेल वाजवली. वहिनींनी गाऊनवरच दार उघडलं. माझ्याकडे बघितलं. माझ्याकडेच, मागे कोणी नव्हतं, मी वळून खात्री केली. मग त्या चटकन आत गेल्या आणि खांद्यावर ओढणी घेऊन आल्या. डबा घेतला. म्हणाल्या, 'भावजी, तुम्ही कित्याक इलास? एकटो माणूस तुम्ही, माका हाक मारूची.'

डबा देऊन परत आलो.

आलो.

आले. मी असेन तर आले हवं. आम्ही असू तर आलो चालेल. तो असेल तरी आलो. अक्षर माझंच आहे, पेन्सिल माझी. नुसत्या क्रियापदावरून चूक काढता येत नाही, आधी कर्ता बघावा लागतो, आणि या घरात कर्ता