उंची कुठून मोजायची

८ मार्च, भोर
सकाळी ड्रोन चालू केला. ॲप म्हणे, नवं सॉफ्टवेअर घ्या, मगच उडेल. लगेच घेतलं. अटी वाचायला लागले, संपेनात. शेवटी 'मान्य' वर बोट ठेवलं. ह्यांनी नेमकं पाहिलं. "न वाचता सही? तू?"
उद्या वाडीवर. मार्चचा फोटो.

९ मार्च, वाडी
एकशे वीस मीटरला ड्रोन थांबला. रिमोटची काडी पुढे दाबून धरली तरी जागचा हलेना. पडद्यावर सूचना: कमाल उंची, बदलता येणार नाही. गेल्या महिन्यापर्यंत येत होती.
म्हणजे डोंगरमाथ्यावर पडलेली भेग दिसणार नाही. वाडीखालच्या ज्या खडकावरून मी ड्रोन सोडते, तिथून डोंगराचा माथा एकशे चाळीस मीटर. दिवाळीनंतर दर महिन्याला त्याच खडकावरून, त्याच एकशे ऐंशीवरून फोटो घेतला आहे. उंची तीच असेल तरच दोन फोटो एकमेकांशेजारी ठेवता येतात. आज दिसला तो नुसता कडा.
नियम मला पाठ आहे: पायाखालच्या नव्हे, ड्रोनखालच्या जमिनीपासून एकशे वीस. माथ्यावर माझा ड्रोन जमिनीपासून चाळीसच मीटर असतो. यंत्र मात्र जिथून उडालं तिथून मोजतं. सपाटीवर दोन्ही एकच. हे सॉफ्टवेअर लिहिणारा डोंगरात कधी राहिला नसावा.
हौसाबाई गोठ्यातून बघत होत्या. आमचा वर्षाचा तांदूळ त्यांच्याकडचा. घर वाडीतलं सगळ्यात वरचं, भेगेच्या बरोबर खाली; दरड सुटली तर पहिलं तेच.
"बाई, इमान भ्यालं का आज?"
"भ्यालं नाही. वर जायला मनाई आहे."
"कुनाची?"
"कंपनीची."
"ती कुठं ऱ्हाती?"

१० मार्च
जुने फोटो पुन्हा काढून बसले. नोव्हेंबर, डिसेंबर: माथ्यावरच्या गवतात सरळ काळी रेघ. जानेवारीपासून ती मधेच पुसट. फेब्रुवारीत आणखी. भेग मिटते आहे? उन्हाने जमीन आकसते, भेग रुंदावायला हवी. भूगर्भशास्त्र घेऊन पदवी मिळवली त्याला चाळीस वर्षं होऊन गेली, पण एवढं आठवतं. गवत आडवं पडलं? गाळ भरला? पाऊस नसताना गाळ कुठून?
मिटत असेल तर उत्तमच. पण का?

१२ मार्च
कंपनीचं उत्तर आलं. माझ्या सुरक्षिततेची त्यांना काळजी आहे. उंचीबद्दल काही नाही.
ह्यांच्या भाच्याचा पुण्यातला कोणी मित्र जुनं सॉफ्टवेअर परत टाकून देतो म्हणे. नाही म्हटलं. राजगडाकडे मी ड्रोनचं तोंडही करत नाही, धरणापासून लांब राहते, नोंदणीचा नंबर त्याच्या पोटावर चिकटवला आहे. हे सगळं पाळायचं आणि कुलूप मात्र फोडायचं?
तरी नाही म्हणायला जरा जास्तच वेळ घेतला.

१५ मार्च
उपाय एकच. ड्रोन माथ्यावरूनच सोडायचा. म्हणजे चढायचं. डॉक्टरांनी जिने चढू नका म्हटलं आहे. डोंगराचा विषय निघाला नव्हता.

२३ मार्च, वाडी
चढले. हौसाबाईंनी पिशवी हातातून ओढून डोक्यावर घेतली. दर वळणावर थांबत होत्या.
"बाई, तुमी हितं बसा. म्याच उडवून येते."
"बटणं कुठली ते माहीत आहे?"
"तुमाला तरी कुठं वर न्हेता आलं?"
माथ्यावर पोचले आणि भेग सापडेना. बोराटीच्या काट्या, दगडांची रांग, बाकी गवत. इकडे गेले, तिकडे गेले. शेवटी विचारलं.
"ती व्हय? ती आमी बुजवली की." काटीवर पाय देऊन उभ्या. "पौषात. माज्या गाभण म्हशीचा पाय अडकला तिच्यात. मोडला असता. मग समद्यांनी मिळून दगडं टाकली, कारवी टाकली, वर माती."
दोन आठवडे मी मिटणाऱ्या भेगेची कारणं शोधते आहे.
"मला सांगितलं का नाही?"
"तुमी इच्यारलं कुठं? तुमी तर वरनं बघत हुता."
एका जागचे दगड आम्ही दोघींनी काढले. कारवीची लांब काठी आत सोडली. तळाला टेकली नाही. हौसाबाईंनी काठी वर ओढली, दगड परत जागेवर लावले.
मग ड्रोन सोडला. चाळीस मीटरवर, म्हणजे पूर्वीच्याच उंचीवर नेला; अडवलं नाही. बुजवलेला पट्टा स्वच्छ दिसला. त्याच्या दोन्ही टोकांना बुजवणीपलीकडे बारीक रेघ गेलेली, एक ओढ्याकडे वळलेली. डिसेंबरच्या फोटोत ती नाही, हे मला तिथेच आठवलं.

२४ मार्च
गुडघा सुजला. फोटो शेजारी ठेवून पाहिले. आठवण बरोबर. भेग मिटत नाही. वाढते आहे.

२ एप्रिल
भेगेची पाहणी करा असा अर्ज घेऊन तालुक्याच्या कार्यालयात. तरुण अभियंता, नीट बोलणारा. फोटो आवडीने पाहिले. मग एका फोटोच्या कोपऱ्यात बोट ठेवलं.
"मॅडम, इथे उंची एकशे ऐंशी छापली आहे. मर्यादा एकशे वीसची. हे जोडलंत तर प्रश्न तुम्हालाच येईल."
कागदावर डोंगर काढून समजावलं. म्हणाला, "तुमचं पटतंय मला. पण कागदावर जे छापलंय ते छापलंय. मार्चचा एकच फोटो जोडा ना."
एका फोटोत भेग दिसते. वाढ दिसत नाही. वाढ दिसली नाही तर घाई कोण करणार? कागद परत आणले.

३ एप्रिल
हे म्हणाले, कोपरा कापून टाक. मग तो फोटो कुठल्या उंचीवरचा हे कोण मानेल? मीच मानणार नाही.
ड्रोन जप्त होईल का, हा विचार दिवसभर. या वयात लागलेला एकच छंद. त्याच्यामुळे शिकलेलं पुन्हा वापरात आलं.

६ एप्रिल
सगळे फोटो दिले, कोपऱ्यांसकट. सोबत डोंगराची आकृती आणि सही. पोच घेतली.

२१ एप्रिल, वाडी
हौसाबाईंना सांगितलं, पाऊस लागला की ओढ्यापलीकडच्या शाळेत झोपायला जा.
"आन् म्हशी? त्यांचं नाव घालत्यात व्हय शाळंत?"
मग गंभीर होऊन म्हणाल्या, "तुमी बघत ऱ्हावा. मोठी झाली म्हनला की निघतो आमी."

१३ मे, वाडी
कार्यालयातून माणसं आली. पेटीतून मोठा ड्रोन काढला, खालच्या खडकावरूनच सोडला. कड्याशी येऊन थांबला. हौसाबाई मला म्हणाल्या, "ह्येबी तितकंच?" पण त्या माणसांना ऐकू गेलं.
मग घाम पुसत वर गेले. फीत लावून मोजलं, लिहून घेतलं. अहवाल तज्ज्ञांकडे जाईल म्हणाले. कधी, ते त्यांनाही माहीत नसावं. अभियंत्याने जुने फोटो मूळ स्वरूपात मागितले. दिले.

२८ मे
कार्यालयाचं पत्र आलं. उंचीबाबत लेखी खुलासा द्यावा. तो मान्य होईपर्यंत ड्रोन उडवू नये. भेगेबद्दल अक्षर नाही.
खुलासा संध्याकाळीच लिहिला. वाचून हे म्हणाले, फार चिडून लिहिलं आहेस. पुन्हा लिहिला. आकृती तीच ठेवली.
ड्रोन कपाटात. जूनचा फोटो नाही.

२ जून
दोन दिवस दुपारून आभाळ भरतं आणि जातं. गुडघा चढू देत नाही. ह्यांनी स्वतः जायची तयारी दाखवली. त्यांना अर्ध्या वाटेवरून आणायला माणसं लागतील.

३ जून
संध्याकाळी हौसाबाईंचा फोन.
"बाई, मोठी झाली का?"
"माहीत नाही."
"उडवलं न्हाई?"
"बंद करायला लावलंय."
"मग आमी काय करायचं?"
फोटो नाही, माप नाही. आधी पाहायचं, मग बोलायचं, हा माझा नियम. म्हटलं, "निघा."
"न बघता?"
"न बघता."
मग म्हणाल्या, "तुमच्या तोंडून माहीत न्हाई म्हनलेलं म्या पयल्यांदा ऐकलं."
फोन ठेवायचा राहिला असावा. मागून म्हशींच्या साखळ्यांचा आवाज येत होता. सोडत होत्या की बांधत होत्या, ते ऐकून कळेना. कान लावून उभी राहिले.