उसाच्या ट्रॉलीमागे

गुरुवार, संध्याकाळ

अण्णांच्या गाडीला आज इस्लामपुरात नवीन क्लच बसवला. मेकॅनिकने जुनी प्लेट दाखवली. घासून पार गुळगुळीत, जळून काळी.

"आवं ताई, उसाच्या ट्रॉलीमागं हाफ क्लचवर चालवता व्हय? पाय काढत जावा त्याच्यावरनं."

मी "व्हय" म्हटलं. खोड अण्णांची होती. पण वडील गेले, हे परत सांगायचा कंटाळा आला. कंटाळाच असावा. दुसरं काही वाटलंच नाही.

कारखाने सुरू झाले की रस्त्यावर ट्रॉल्याच ट्रॉल्या. अण्णा एकीलाही ओव्हरटेक करायचे नाहीत. क्लचवर डावा पाय अर्धा दाबून ट्रॉलीच्या मागं मागं रांगायचे. "घाई कुणाला हाय?" शेजारी बसून मी चिडायचे.

नवीन क्लच लय हलका आहे. पाय ठेवलाय की नाही, तेही कळत नाही. पलूसच्या अलीकडे पुढे ट्रॉली लागली, उसाने गच्च भरलेली. समोरून कुणी येत नव्हतं. सहज निघाले असते. मागचा हॉर्नवर हॉर्न देत होता.

का नाही गेले?

दारात गाडी बंद केली. बराच वेळ तशीच बसून होते. आई बाहेर आली तेव्हा लक्षात आलं, डावा पाय अजून अर्धा दाबलेलाच आहे.