अंड्यांच्या पेटीला पाच हात पॉलिश

१ मार्च, संध्याकाळ
आजपासून रेकॉर्ड. पोल्ट्रीवाल्याने रेकॉर्ड ठेवलंच पाहिजे. कोंबड्या पाच. वय साडेचार महिने. अंडी शून्य. पण हे शून्य शेवटचं.

दादाला फोन केला. म्हणाला, घरामागची शेड एकजण गोडाऊनला मागतोय, त्याला एकतीस तारखेला जबाब द्यायचाय. तोवर तू स्वतः वाढवलेल्या कोंबडीचं एक अंडं दाखव. शेड तुझी. नोकरी सोड आणि ये घरी.

एक अंडं! मी म्हणालो, टोपली दाखवतो. मागून वहिनीचा आवाज आला, "भावजी, टोपलीचं राहू द्या. तुमचा मोबाईल रिपेरिंगचा स्क्रूड्रायव्हर सेट अजून आमच्या माळ्यावर पडलाय, आणि ते व्यायामाचे डंबेल दाराला लावते मी." फोन ठेवला. वहिनीला शेडमध्ये पाऊल टाकू देणार नाही.

निश्चय: महिनाअखेर राजीनामा. तीन वर्षं घर सोडून लोकांच्या पलंगांचे पाय पॉलिश करतोय. बास.

३ मार्च
कारखान्यातून फर्निचर पोचवणारा गाडीवाला म्हणाला, कोंबडीला पहिल्या अंड्याला चांगली जागा लागते. म्हणून पेटी बनवली. उरलेल्या फळ्या, कोपरे घासून गोल, आतून-बाहेरून तीन हात पॉलिश. आरशासारखी झाली. आत तोंड दिसतं. खोलीच्या मागच्या अंगणात खुराड्यात ठेवली.

मिस्त्री येऊन नाकाला रुमाल लावून उभा. हा म्हातारा लेथवर लाकूड काततो, माझ्याच खोलीत राहतो आणि झाड लावण्यापासून सगळं त्याच्या बापाने शोधलंय असं वागतो. म्हणाला, "अरे बाबा, कोंबडी आहे ती, नवरी नाही. या वासात मला उभं राहवेना, ती बसेल काय?"

जळतो. तीस वर्षं लेथवर घालवली, स्वतःची एक कोंबडी नाही.

५ मार्च
तांबडी कोंबडी मिस्त्रीच्या चपलेत घाण करून आली. मिस्त्री भडकला. "पाच पाखरं आवरत नाहीत आणि निघालाय पोल्ट्री काढायला!" मी म्हणालो, आजपासून तुमचं-माझं बोलणं बंद. तो म्हणाला, "बरं."

बरं कसं म्हणतो? शेवटचा शब्द माझा पाहिजे होता. उद्या मीही बरं म्हणणार होतो, पण बोलणं बंद आहे.

नाश्ता तो करतो, भांडी मी घासतो. ते चालू राहणार. तत्त्व वेगळं, पोट वेगळं.

९ मार्च
अंडी शून्य. पण शिस्त आली. हात पुढे केला की पाचही जणी पंख पसरून जमिनीला चिकटून बसतात. धाक म्हणतात तो हा. तुरेही लालभडक झालेत. राग असणार. असू दे.

जेवणाच्या सुट्टीत पेटीसमोर स्टूल टाकून बसलो. चाळीस मिनिटं. तांबडीच्या डोळ्याला डोळा लावून सांगितलं, बघतोच कशी घालत नाहीस. ती पेटीजवळ आली, आत मान घातली, शिंकली आणि कारखान्यात लेथकडे पळाली. मागोमाग बाकीच्या चार. नमकहराम जात. दाणा माझा, आणि पायाशी लोळतात म्हाताऱ्याच्या.

१२ मार्च, सकाळ
मिस्त्रीने आज ऑमलेट केलं. चार महिने चहा-पाव, चहा-पाव, आणि आता बरोबर माझ्या कोंबड्यांच्या परीक्षेच्या वेळी याला अंडी सुचली! माझ्यासमोर फोडतो. मुद्दाम, टक् टक् आवाज करून.

अंडी तरी कसली, लिंबाएवढी. दुकानदाराने म्हाताऱ्याला पुरतं ओळखलंय. लहान माल गळ्यात मारतो. मी दोन अंड्यांचं खाल्लं. चव बरी होती. सांगितलं नाही.

१३ मार्च
रोज दहाच्या सुमाराला तांबडी लेथजवळ आकाशपाताळ एक करते. कॉक-कॉक-कॉक-कॉक, अख्खा कारखाना मान वर करून बघतो. आज पांढरीनेही सूर लावला. नक्की मिस्त्री लाकडाचे तुकडे फेकून मारतो. गाडीवाल्याच्या तोंडी निरोप पाठवला, माझ्या कोंबड्यांना हात लावाल तर याद राखा.

उलटा निरोप आला: कोंबड्यांना त्रास कोणाचा आहे ते कोंबड्यांनाच विचार.

अंडी शून्य.

१६ मार्च
दोष पेटीत असणार असा विचार केला. कुठे कुठे खरखरीत लागतं. चौथा हात मारला.

नाश्त्याला ऑमलेट. तिसऱ्या अंड्याचं मागून घेतलं. मागितलं म्हणजे बोललो नाही, ताटली पुढे केली.

१८ मार्च
मिस्त्री आता भिंतीशी बोलतो. आज चहा गाळता गाळता भिंतीला म्हणाला, "रोज पुढ्यात ठेवतोय, पण एका शब्दाने म्हणेल तर शपथ."

आभार पाहिजेत साहेबांना! मी रेडिओ मोठा केला. त्याने बंद केला. मी परत लावला. भांडी घासताना त्याची किटली मुद्दाम बाहेरून घासली नाही.

या लढाईत मी पुढे आहे.

२२ मार्च, दुपार
वहिनीचा फोन. "काय भावजी, कोंबड्या माहेरपणाला आल्यात का? नुसतं खाऊनपिऊन आराम चाललाय वाटतं." दादाने फोन घेतला, म्हणाला, गोडाऊनवाला रोज विचारतो, मी तुझ्यासाठी थोपवून धरलाय. एक फोटो पाठव, मग मी सांभाळून घेतो. आवाज बरा होता त्याचा. घरी ये म्हणाला तेव्हा तर जास्तच बरा होता.

गाडीवाला ऐकत होता. म्हणाला, "डोकं आहे की खोकं? मिस्त्रीच्या टोपलीतलं एक अंडं उचल, फोटो काढ, पाठवून दे. अंड्यावर काय नाव लिहिलेलं असतं?"

टोपलीपर्यंत गेलो. अंडं हातात घेतलं. मोबाईल काढला. मग विचार केला, दुसऱ्याचं अंडं आपलं म्हणून दाखवणारा मी नव्हे. शेड मिळेल, पण स्वतःला तोंड काय दाखवू? ठेवून दिलं.

गरम होतं. म्हातारा अंडी शेगडीजवळ ठेवतो. एवढीही अक्कल नाही.

आजचा दिवस लक्षात ठेवण्यासारखा. माणूस मोह पडल्यावर कळतो.

२४ मार्च
पेटी साफ करायला गेलो, साफ करण्यासारखं काही नाही. एक पीस नाही, विष्ठा नाही. एवढी स्वच्छ पेटी कोणाच्या पोल्ट्रीत सापडणार नाही.

अंडी शून्य.

२६ मार्च
पाचवा हात. हा सगळ्यात दाट. अंगणाकडची खिडकी लावून झोपावं लागणार. मिस्त्रीने अंथरूण उचललं आणि लेथजवळ जाऊन झोपला. खोली माझी झाली. विजय.

लंगडी आज पेटीवर चढली आणि चिकटली. ओढून काढली. दोन पिसं पॉलिशमध्ये राहिली. फिनिशिंग गेलं. आता ही कोंबडी की दुश्मन?

२९ मार्च
झालं. हद्द झाली. सकाळी पाचही जणींना रांगेत उभं करून शेवटचं बजावलं. उभ्या राहिल्या नाहीत. तांबडी माझ्यासमोर लेथकडे गेली, अर्ध्या तासाने बाहेर आली आणि माझ्या तोंडावर ओरडली. कॉक-कॉक-कॉक! शिवी कळते माणसाला, भाषा कुठलीही असो.

गाडीवाल्याला म्हणालो, घेऊन जा सगळ्या. वांझ जात आहे, कापून खा. तो म्हणाला, "बघ हं, परत मागायच्या नाहीत." बदल्यात त्याने त्याचा ब्लूटूथ स्पीकर दिला. मिस्त्री लेथ बंद करून धावत दारात आला, तोंड उघडलं. मी हात वर केला. बोलणं बंद म्हणजे बंद. त्याने तोंड मिटलं, कपाळावर हात मारला आणि परत गेला.

दादाला कळवलं की कोंबड्याच बाद निघाल्या, माझा दोष नाही. दादा म्हणाला, "अरे, दोन दिवस आहेत ना अजून. थांब जरा." मी सांगितलं, मी निर्णय घेतला की घेतला. तो म्हणाला, "बरं."

हाही बरं म्हणतो. काय झालंय लोकांना?

स्पीकर चार्ज होत नाही.

३० मार्च, सकाळ
नाश्त्याला नुसता पाव.

वाट पाहिली. मिस्त्री समोर बसून पाव चहात बुडवत होता. माझी ताटली पुढे केली. त्याने ताटलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. शेवटी पंचवीस दिवसांचा अबोला मीच मोडला. म्हणालो, अंडी संपली का?

"संपली," मिस्त्री म्हणाला. "तूच तर काल गाडीत चढवून दिलीस."

मी म्हणालो, कोंबड्या दिल्या, अंडी नाही.

त्याने हातातला पाव खाली ठेवला. "म्हणजे तुला... अरे देवा. चल."

लेथच्या मागे भुश्शाचं पोतं असतं. तोंड उघडं. आत बशीएवढा मऊ खळगा, तांबडी-पांढरी पिसं. खळग्यात कालचं, उचलायचं राहिलेलं एक अंडं. लिंबाएवढं.

"पहिली अंडी लहानच असतात रे," मिस्त्री म्हणाला. "तुझ्या पेटीच्या वासाने इकडे यायच्या बिचाऱ्या. मी गोळा करून तुलाच करून घालत होतो. मला वाटलं, तुला माहीत आहे. मागून मागून खात होतास की!"

मी विचारलं, मग सांगितलं का नाही?

"बोलणं कोणी बंद केलं होतं?"

गाडीवाल्याला फोन केला. म्हणाला, कापतो कशाला, सकाळीच तीन अंडी दिलीत त्यांनी. बायको फार खूश आहे. स्पीकर कसा वाजतो?

३० मार्च, दुपार
दादाला फोन. मी म्हणालो, आहे अंडं, माझंच आहे, उद्यापर्यंत मुदत आहे ना. दादा म्हणाला, "काल तू नाही म्हणालास आणि रात्रीत गोडाऊनवाल्याने गोणी आणून टाकल्या. अर्धी शेड भरली बाबा."

तरी फोटो काढला. अंडं पेटीत ठेवून. पाच हातांच्या पॉलिशमध्ये खाली दुसरं अंडं दिसतं, इतकं चकचकीत. पाठवला.

३१ मार्च
कोंबड्या शून्य. अंडी एक.

वहिनीचा मेसेज आला. "भावजी, किती बारकं ते! दुकानदाराने फसवलं तुम्हाला."

मिस्त्रीने विचारलं, तळू की उकडू?

उकडा म्हणालो. अर्धं अर्धं खाल्लं. आठला पलंगाचे पाय घासायला घेतले.